दोन पारडी, दोन मांजरं आणि चौसष्ट शून्यं

…तर दांडी अशी सुतासारखी सरळ, काटा बरोब्बर मध्यावर, आणि मी छाती पुढे काढून अख्ख्या धान्यबाजाराला ओरडून सांगतोय, "बघून घ्या! काटा शून्यावर आहे! मागाहून कुरकुर चालायची नाही!" काल इथवर आलो आणि आमच्या हिनं जेवायला हाक मारली. बायकोची हाक आणि पोटातली भूक एकदम आली की गोष्ट अर्धीच राहते. आता जेवण झालंय, हात धुतलेत. ऐका पुढचं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी आधीचं थोडक्यात सांगतो. (माझं थोडक्यात म्हणजे किती, ते घरच्यांना विचारू नका.) मी चाळीस वर्षं मापाडी होतो. धान्यबाजारात पोती तोलायचं काम. छताच्या तुळईला टांगलेला माणसापेक्षा उंच तराजू, दोन बाजूंना साखळ्यांवर लोंबणारी दोन लाकडी पारडी, एकेका पारड्यात अख्खं पोतं मावायचं. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. पण चौथीला दोनदा बसलो, म्हणून मी पाचवी धरतो. आमच्या कामात एक नियम होता. सकाळी पहिलं पोतं चढवण्याआधी पारडी रिकामी करायची आणि चार माणसांना काटा दाखवायचा. दांडी सरळ, काटा मध्यावर, म्हणजे तराजू खरा. मगच पोत्याला हात लावायचा.

त्या सकाळी नात माझ्याबरोबर होती. सहा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी सून, शिवणकाम करते. त्या दिवशी शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते, म्हणून पोर माझ्या गळ्यात. पोत्यांच्या थप्पीवर पाय हलवत बसली होती. मी खाली ओरडतोय "काटा शून्यावर", आणि वरून बारीक आवाज आला,

"आजोबा, पण दोन्हीकडे मांजरं आहेत."

वळून बघतो तो काय! डाव्या पारड्यात एक पिवळं पिल्लू अंगाची वळकटी करून झोपलेलं, आणि उजव्या पारड्यात त्याचंच भावंड. एका वेताची, एका अंगाची, एका वजनाची. माझी सगळी नजर काट्यावर. पारड्यात काय आहे हे बघायचं मला सुचलंच नाही, कारण काटा शून्यावर होता ना! बाजार असा हसला म्हणून सांगू, एक हमाल थप्पीवरून घसरून खाली आला आणि खाली बसूनही हसत राहिला. मी पोरीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवलं. माझा जोडीदार मापाडी ओरडला, "अहो, चूक तुमची, आणि मिरवणूक कसली काढताय?"

"चूक माझी असेल," मी म्हटलं, "पण डोळे माझ्या नातीचे आहेत!"

ती मांजरं लक्षात राहू द्या. अठरा वर्षांनी ती परत आली.

आता त्या नातीबद्दल. घरात तिला खोडरबर म्हणतात. शाळेत असताना वहीच्या पानावर एक उत्तर चुकलं की ही अख्खं पान खोडायची. पान फाटायचं, रबर झिजायचं, आई ओरडायची. आमची ही म्हणायची, "या पोरीला एक दिवस वही पुरत नाही, सासरी काय उजेड पाडणार?" पोरगी मान खाली घालून पान पुन्हा लिहायची. मग शिकली, खूप शिकली. आकड्यांची कामं करणारे प्रोग्राम लिहायला शिकली. मला विचाराल तर प्रोग्राम म्हणजे काय, तर अशा नोकराला लिहिलेली चिठ्ठी, जो अतिशय आज्ञाधारक आहे आणि अजिबात शहाणा नाही. सांगाल तेवढंच करील. पाणी आण म्हणाल तर भांड्याशिवाय जाईल.

नोकरी लागली ती पुलाच्या कचेरीत. आमच्या नदीवर पायी चालणाऱ्यांचा जुना लोखंडी पूल आहे. अलीकडे वस्ती, पलीकडे गिरणी, दवाखाना आणि बाजार. सकाळी सहाला फाटक उघडलं की हजारभर माणूस पलीकडे जातं. पूल म्हातारा झाला तेव्हा तो पाडायचा की ठेवायचा यावर बरीच डोकी फुटली, आणि शेवटी ठरलं की ठेवायचा, पण डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. पुलाखाली चौसष्ट जागी सेन्सर बसवले. पहाटे पूल रिकामा असताना ते आपापल्या जागेची उंची मोजतात आणि कालच्यापेक्षा किती फरक पडला ते कळवतात. एक आकडा म्हणजे साधारण एका केसाची जाडी. अर्ध्या केसाहून कमी फरक असेल तर तो शून्यच धरायचा, कारण थंडी-उन्हानं लोखंड तेवढं हलतंच. असे चौसष्ट आकडे एका रांगेत येतात. त्या रांगेला ही मंडळी ॲरे म्हणतात. सगळे शून्य असतील तर पडद्यावर हिरवं अक्षर येतं, "पूल स्थिर". मग फाटक उघडतं.

म्हणजे पहिलं पोतं चढवण्याआधी काटा दाखवायचा! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी सुनेला शिवण थांबवून सांगितलं, "अगं, पोरगी माझ्याच धंद्यात आली!"

सून म्हणाली, "बाबा, तिनं चार वर्षं कॉलेज केलंय."

"मग? मीपण चौथी दोनदा केलीय."

सहा महिने उमेदवारीचे. ते निभावले तर नोकरी कायम झाल्याचं पत्र, नाही निभावले तर नमस्कार. नातीला ही नोकरी फार मनापासून हवी होती. दुसरीकडे जाहिरातींचे आकडे मोजायचं काम मिळत होतं, तिथं खुर्च्याही मऊ होत्या म्हणे. ही म्हणाली, "मला ज्यांच्यावर माणसं चालतात ते आकडे मोजायचेत." म्हणून आम्ही घरचे सगळे ते पत्र कधी येतंय याचे दिवस मोजत होतो. आमची ही तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायची, आणि विसरली की दोन मारायची. त्यामुळे तिच्या हिशेबानं सहा महिने केव्हाच संपले होते.

नातीची पाळी पहाटे पाचला. मला चारलाच जाग येते, म्हणून तिला कचेरीपर्यंत सोडायचं काम मी स्वतःकडे घेतलं. खरं तर ती मला सोडायची. वाटेत मी तीनदा थांबायचो. कचेरी म्हणजे फाटकाला लागून एक लांबट खोली. तीन टेबलं, पंखा, चहाचे डाग पडलेली खिडकी. खिडकीतून फाटक दिसतं आणि फाटकावरची बाई. तिला सगळे मावशी म्हणतात. चावीचा जुडगा कमरेला, आवाज असा की नदीपलीकडच्या गिरणीचा भोंगा लाजावा. मी खिडकीखालच्या बाकावर बसायचो आणि मावशीला गोष्टी सांगायचो. ती ऐकायची नाही, पण मला चालायचं.

आणि खोलीतल्या मधल्या टेबलावर चष्मेवाले. नातीचे वरिष्ठ. जाड चष्मा, इस्त्रीचा शर्ट, पेनाला टोपण घातल्याशिवाय बोलायचे नाहीत. तो प्रोग्राम त्यांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी नातीला सांगितलं, "अकरा वर्षांत एक ओळ बदललेली नाही. तुम्ही फक्त हिरवं आलं की मावशीला घंटा द्यायची."

नात घंटा द्यायची, पण आधी चौसष्ट आकडे स्वतः डोळ्यांखालून घालायची. चष्मेवाले म्हणायचे, "यंत्रावर विश्वास नाही का?" ही म्हणायची, "आहे सर, सवय आहे." कसली सवय ते तिनं सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पारड्यात बघायची सवय.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. सहाला दहा मिनिटं कमी. फाटकाशी गर्दी दाटलेली. गिरणीवाले, दवाखान्याच्या परिचारिका, भाजीच्या टोपल्या. पडद्यावर हिरवं आलेलं, मला खिडकीतून दिसलं. घंटा वाजेना. मावशीनं चावी कुलपात घालून ठेवलेली. सहा वाजले. घंटा नाही.

"ए पोरी!" मावशी ओरडली. "झोपलीस का?"

नात खिडकीशी आली. चेहरा पांढरा. "मावशी, उघडू नका."

"हिरवं दिसतंय की मला इथनं!"

"हिरवं आहे. तरी उघडू नका."

आता सांगा, असं वाक्य कुणी ऐकून घेईल? गर्दीतून एक जण म्हणाला, "हिरवं असून उघडायचं नाही, मग लाल झालं की उघडणार का?" सगळे हसले, मग चिडले. मी आत गेलो. मला आत जायची परवानगी नाही, पण आत माझी नात एकटी होती आणि मी काही पुलाच्या नियमाला बांधलेला माणूस नव्हे. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. शून्य, शून्य, शून्य, अशी रांग, आणि मध्ये एके ठिकाणी अधिक सहा, दोन घरं सोडून उणे सहा. मग पुन्हा शून्यंच शून्यं.

"मग हिरवं कसं?" मी विचारलं.

"प्रोग्राम सगळ्यांची बेरीज करतो, आजोबा. बेरीज शून्य आली की म्हणतो, सगळे शून्य."

अधिक सहा आणि उणे सहा. मी त्या पडद्याकडे बघत राहिलो, आणि एकदम माझ्या तोंडून निघालं, "अगं, दोन्हीकडे मांजरं आहेत!"

ती हसली. तशा वेळीसुद्धा हसली.

चष्मेवाले आले ते धापा टाकत. पेनाला टोपण घालायचं राहून गेलं होतं, यावरून काय ते समजा. "दोन सेन्सर बिघडले असतील. घंटा द्या."

"सर, दोन सेन्सर बिघडले तर बरोब्बर सारखेच आणि उलटेच कसे बिघडतील? हे दोन एकाच तुळईच्या दोन टोकांवर आहेत. तुळई मधल्या खांबावर टेकलीय. एक टोक दबलं तर दुसरं तेवढंच उचलणार. म्हणजे पूल बिघडायचा तर असाच बिघडणार, आणि नेमका तेव्हाच आपल्या बेरजेला दिसणार नाही."

"अकरा वर्षं…"

"अकरा वर्षं तुळई सरकली नव्हती, सर."

बाहेर मावशीचा आवाज, लोकांचा आवाज. कुणीतरी मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब फोनवर काय म्हणाले ते आम्हांला ऐकू आलं नाही, पण नात म्हणाली ते मी ऐकलं: "हो सर, जबाबदारी माझी. चुकले तर पत्र नका देऊ." आणि फोन ठेवून खुर्चीत बसली. माझी पाचावर धारण बसली होती, तिची नाही.

इंजिनीअर होडीतून पुलाखाली गेले. तासाभरानं वर आले आणि त्यांनी सांगितलं. तुळईखालची रबराची गादी निम्मी बाहेर सरकली होती. आणखी आठ-दहा दिवस गर्दी चालली असती, तर काय झालं असतं ते मी सांगत नाही. माझ्या ओळखीची निम्मी माणसं त्या पुलावरून जातात. तीन दिवस पूल बंद राहिला, गादी बदलली, पुन्हा सगळी शून्यं. मावशी सगळ्या गर्दीसमोर नातीला म्हणाली, "तुझ्यावर ओरडले ते परत घेते. पुढं कधी ओरडले तर ते वेगळं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाताना वाटेत मी तीनऐवजी नऊ वेळा थांबलो, आणि प्रत्येक वेळी कुणाला ना कुणाला सगळं सांगितलं. नात म्हणाली, "आजोबा, तो न्हाव्याच्या दुकानातला माणूस तुम्हांला ओळखत तरी होता का?"

"आता ओळखतो."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, असं आमची ही म्हणते. मला तसं वाटत नाही. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

मोठ्या साहेबांनी नातीला सांगितलं, ती तपासणी तू नव्यानं लिही. तिनं बेरीज काढून टाकली. नवा हुकूम असा: रांगेत एकेक आकडा बघत जा, शून्य नसलेला एक जरी सापडला तर लाल. एकही सापडला नाही तर हिरवं. आता अधिक-उणे किती का असेनात, लपायला जागाच नाही. तिनं खोटे आकडे घालून शंभर वेळा तपासलं. सहा घाल, उणे सहा घाल, पहिल्याच घरात घाल, शेवटच्या घरात घाल. प्रत्येक वेळी लाल. चष्मेवाल्यांनी वाचलं, पेनाला टोपण घातलं आणि म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. पण मनात कुठंतरी लागलं होतं त्यांना. अकरा वर्षांची ओळ कालच्या पोरीनं खोडली होती. खोडरबरच ती.

नवा प्रोग्राम तीन आठवडे चालला. पत्र द्यायला चार दिवस राहिले. त्यातल्या एका दिवशी नातीनं रजा घेतली, कारण आजीच्या डोळ्यांना दाखवायचं होतं. (डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे. ही म्हणाली, तरीच कॅलेंडरवर दोन रेघा पडायच्या.) दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन नातीनं सवयीप्रमाणे आदल्या दिवसाचं पान उघडलं. पान कोरं. चौसष्टांपैकी एकही आकडा नाही. आणि वर हिरव्या अक्षरांत: "पूल स्थिर".

झालं होतं असं. पहाटे घुशीनं वायर कुरतडली. आकडे आलेच नाहीत. रांग आली, पण रिकामी. आता त्या आज्ञाधारक नोकराला सांगितलं होतं काय, तर शून्य नसलेला एक जरी सापडला तर लाल. रिकाम्या रांगेत त्याला काय सापडणार कपाळ? त्यानं शोधलं, काही सापडलं नाही, हिरवं केलं. चष्म्याआडून हिरवं दिसलं, घंटा गेली, मावशीनं फाटक उघडलं, हजारभर माणूस गेलं आणि आलं. दुपारी वायरमननं वायर जोडून दिली. कुणालाच काही कळलं नाही. आणि नात कामावर आली त्या सकाळचे आकडे तर सगळे खरे शून्य. पूल जिथल्या तिथं होता.

मी बाकावर होतो. ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला हे सगळं सांगितलं.

मी इकडंतिकडं पाहिलं. मावशी लांब होती. मी आवाज खाली आणला. "हे बघ, पूल ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"नीट करायला किती वेळ?"

"एक ओळ. आधी आकडे मोज. चौसष्ट नसतील तर लाल."

"मग टाक ती ओळ आणि बस. पत्राला तीन दिवस राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सांगतो आहे खरं, पण लाज वाटते. चाळीस वर्षं खरा तराजू दाखवणारा मी, आणि नातीच्या पत्रापुढं माझी दांडी अशी कलली. माया पारड्यात बसली की काटा कुठं राहतो जागेवर?

नात उठली आणि आत गेली. मोठे साहेब त्या दिवशी नेमके कचेरीत होते. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, काल पूल न मोजता उघडला गेला. प्रोग्राम मी लिहिलाय. रिकाम्या रांगेला तो सगळी शून्यं समजतो. हे माझ्या ध्यानात आलं नाही."

साहेबांनी विचारलं, "काल पाळीवर कोण होतं?"

पाळीवर चष्मेवाले होते. कोरं पान त्यांच्या समोर होतं. पण नात म्हणाली, "पाळीवर कुणीही असतं तरी त्यांना हिरवंच दिसलं असतं. चूक प्रोग्रामात आहे."

साहेबांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी देवाला हात जोडायचे की चष्मेवाल्यांना, याच विचारात होतो, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चष्मेवाले उभे राहिले होते.

"साहेब, रिकाम्या रांगेची बेरीजही शून्यच येते," ते म्हणाले. "म्हणजे हेच भोक माझ्या प्रोग्रामात अकरा वर्षं होतं. थांबा." आणि त्यांनी जुनी पानं उघडली. अर्धा तास ते एकेक पान चाळत राहिले. मग म्हणाले, "तीनदा. अकरा वर्षांत तीन सकाळी पान कोरं आणि वर हिरवं. एकदा माझीच पाळी होती, आणि मला वाटतं मी ते पाहिलंही होतं. पाहिलं आणि म्हटलं, हिरवं आहे ना, मग झालं." चष्मा काढून पुसला. "हिला तीन आठवड्यांत दिसलं आणि तासाभरात तुम्हांला सांगितलं. साहेब, पत्र आजच देऊन टाका. आणखी तीन दिवस थांबलात तर ही आणखी काहीतरी शोधून काढील आणि पत्र आपल्याला हिच्याकडून घ्यावं लागेल."

साहेब मोठ्यानं हसले. तसे हसू शकतात हे मावशीलाही ठाऊक नव्हतं, तिनं लांबूनच विचारलं, "काय झालं? कोण हसलं?"

पत्र त्याच दुपारी मिळालं. त्या संध्याकाळी मी ते पत्र घेऊन फक्त धान्यबाजारात गेलो, दुसरीकडे कुठं नाही. (न्हाव्याचं दुकान वाटेतच लागतं, तो माझा दोष नव्हे.) माझा जुना जोडीदार आता ऐंशीचा आहे, त्याला ऐकू कमी येतं, पण मांजरं त्याला आठवतात. त्यानं पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मिरवा. आज मिरवा. आज चूकसुद्धा तुमची नाही."

खरं म्हणजे होती. तेवढी त्याला सांगितली नाही, इथं सांगतोय.

नव्या प्रोग्रामात आता आधी मोजणी होते. चौसष्ट आले का? नाही आले तर लाल. आले, तर मग एकेक करून सगळे शून्य आहेत का ते बघायचं. त्या ओळीच्या वर चष्मेवाल्यांनी नातीचं नाव लिहायला लावलं. तिनं खाली त्यांचंही लिहिलं. आणि घुशीचं लिहायचं का, असं मावशीनं विचारलं म्हणे.

घरी आल्यावर सून मशीन बंद करून पत्र तिसऱ्यांदा वाचत होती. आमची ही एका डोळ्यानं वाचायचा प्रयत्न करत होती. नात पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. मला राहवेना. मी म्हटलं, "अगं खोडरबर, एक विचारतो. मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं. मोठा माणूस, आजोबा. तुला एकदाही वाटलं नाही की म्हातारा म्हणतो तसं करावं? कुणाला कळणार होतं?"

तिनं मग माझा हात तिच्या हातात घेतला आणि म्हणाली,

"आजोबा, त्या दिवशी बाजारात मांजरं मला दिसली, कारण तोलणारे तुम्ही होतात आणि थप्पीवर बसून बघणारी मी होते. या वेळी आकडेच आले नव्हते, म्हणजे पारडीच जागेवर नव्हती, तोलणारी मीच होते आणि थप्पीवर कुणीच नव्हतं. मग ओरडायचं कुणी?"